ठिपका थांबला म्हणून

सिंगापूर, नांगरावर

ती. सौ. आईस,
सा. न. वि. वि.

आमचा फिटर मालवणचा आहे. तो उद्या इथून साइन ऑफ होऊन, म्हणजे जहाजावरून उतरून, घरी निघालाय, त्याच्याकडे हे पत्र देतोय. फोनवर तू रडत होतीस आणि मला धड काही सांगता आलं नाही.

ताईने तुझ्या फोनवर जहाजांचं ॲप टाकून दिलं तेव्हा मला बरं वाटलं होतं. पण आफ्रिकेचं टोक सोडल्यावर नकाशावरचा आमच्या जहाजाचा ठिपका तिथेच थांबला, दोन आठवडे हलला नाही, आणि नेमकं जहाजावरचं इंटरनेटही बंद पडलं. तू रवळनाथाला गाऱ्हाणं घातलंस, रात्र रात्र जागलीस, हे ऐकून मला घास गिळवेना. आई, त्या सगळ्या दिवसांत आम्ही रोज तीनशे मैल चालत होतो.

आमच्या ब्रिजवर, म्हणजे जिथून जहाज चालवतात तिथे, एआयएस नावाचं यंत्र आहे. ते कुणी विचारायची वाट बघत नाही, आपणहून सांगत राहतं: मी अमुक जहाज, इथे आहे, या दिशेला, इतक्या वेगाने चाललोय. आम्ही १२-१३ नॉटने, म्हणजे तासाला तेवढे सागरी मैल, चालतो तेव्हा दर १० सेकंदांनी. नाव, ड्राफ्ट म्हणजे जहाज पाण्यात किती खोल आहे ते, कुठल्या बंदराला चाललोय हे दर ६ मिनिटांनी. काल नांगर पडला आणि मी पडद्यावर ‘ॲट अँकर’ केलं, तेव्हापासून जागेचा निरोप दर ३ मिनिटांनी जातोय. प्रत्येक जहाजाला नऊ आकडी नंबर असतो. आपल्या भारतीय जहाजांचा ४१९ ने सुरू होतो, आमचा लायबेरियाचा झेंडा म्हणून ६३६ ने.

पण हा आवाज साध्या व्हीएचएफ रेडिओचा. अँटेना जेवढी उंच तेवढा तो लांब जातो, म्हणजे साधारण २० ते ४० सागरी मैल. देवगडहून हाक मारली तर फार तर रत्नागिरीला ऐकू जाईल. किनाऱ्यावर ऐकणारं स्टेशन असेल तरच ठिपका तुझ्या फोनवर येतो. हिंदी महासागराच्या मधोमध कोण ऐकणार? वरून उपग्रह ऐकतात, पण ती माहिती विकत घ्यावी लागते, फुकटच्या ॲपमध्ये येत नाही. मलाक्काच्या सामुद्रधुनीच्या तोंडाशी आलो आणि ठिपका परत उगवला. आम्ही बोलायचे थांबलो नव्हतो गं, तिथे ऐकायला कुणी नव्हतं.

आणि हा ठिपका मुळात घरच्यांसाठी नाहीच, ऑफिससाठीही नाही. तो समोरून येणाऱ्या जहाजासाठी आहे. आमचे कॅप्टन सांगतात, ते कॅडेट असताना रेडिओवर ‘माझ्या उजव्या बाजूचं जहाज’ अशी हाक मारायचे आणि चार जहाजं ओ द्यायची. २००२ पासून टप्प्याटप्प्याने हे यंत्र सक्तीचं झालं. २००४ सरेपर्यंत परदेशी जाणाऱ्या, ३०० ग्रॉस टनेज आणि त्यावरच्या सगळ्या जहाजांवर ते बसलं. आता नाव घेऊन हाक मारता येते. परवा रात्री सामुद्रधुनीत एक टँकर आडवा येत होता. नावाने बोलावलं, एका हाकेत उत्तर आलं, त्याने वेग कमी केला, आम्ही पुढून निघून गेलो.

मला यातली सगळ्यात आवडणारी गोष्ट सांगतो. गावकीच्या सभेत सगळे एकदम बोलायला लागले तर कुणाचंच ऐकू येत नाही ना? तसं होऊ नये म्हणून एका मिनिटाचे २२५० तुकडे केलेत. प्रत्येक जहाज आधी ऐकतं, रिकामा तुकडा बघतं, तेवढ्यात आपलं बोलून घेतं आणि पुढचा कुठला तुकडा धरणार तेही सांगून ठेवतं. वर कुणी पाटील नाही. जहाजं आपसात जमवून घेतात.

यंत्र कधी बंदही ठेवतात. चाच्यांच्या भागात जहाजाला धोका वाटला तर कॅप्टनला तो अधिकार आहे. काही जहाजं मात्र चोरीछुपे माल न्यायला बंद करतात. त्यांचा मला फार राग येतो, कारण अंधारात समोर येणाऱ्याचा जीव ते टांगणीला लावतात. आणखी एक. जागा जीपीएसवरून घेतली जाते. २०१७ मध्ये काळ्या समुद्रात जीपीएसमध्ये कुणीतरी गडबड केली आणि जहाजं चक्क विमानतळावर दिसायला लागली. तेव्हा आमचा ठिपका कधी जमिनीवर दिसला तरी घाबरू नकोस.

आता बाबांसाठी. टँकर भेटला त्याच रात्री अडीचच्या सुमाराला मी वॉचवर, म्हणजे पहाऱ्यावर होतो. एआयएसवर समोर काही नव्हतं, रडारवर लाटांचाच कचरा. दुर्बिणीतून एक पिवळा ठिपका लुकलुकला. मी कॅप्टनना सांगितलं, आम्ही उजवीकडे वळलो. जवळून गेलो तर लाकडी होडी, दोन माणसं, एकाने बॅटरी वर धरून हलवली. जाळं पाण्यात होतं. मला बाबा दिसले. त्यानंतर वॉच संपेपर्यंत मी एकदाही बसलो नाही.

बाबांच्या होडीवर सरकारने फुकट ट्रान्सपॉन्डर बसवलाय म्हणालीस, २०२४ च्या ऑगस्टमध्ये पालघरला सुरू झालेल्या त्या योजनेतला. तो उपग्रहावरून चालतो. संकटात निरोप देता येतो, वादळाचा इशारा होडीवर येतो. मासे कुठे मिळतात ते दुसऱ्या तांडेलाला कळेल म्हणून बाबा तो बंद ठेवतात, हे मला पटत नाही. त्यांना म्हणावं, मुलगा पाया पडून सांगतोय, चालू ठेवा. आणि रात्री दिवा चांगला लख्ख लावा, मोठ्या जहाजाच्या ब्रिजवरून होडी किती लहान दिसते ते मी रोज बघतो.

उद्या बंकर, म्हणजे जहाजाचं इंधन, घेऊन चीनकडे निघू. दक्षिण चिनी समुद्रात ठिपका पुन्हा चार-पाच दिवस थांबेल. तेव्हा नारळ ठेवू नकोस, जेवून झोप. इंटरनेट सुरू झालंय, रविवारी फोन करतो.

तुझा,
बाळू