पिस्तूल ठेवणार कुठे?

चि. बेटा,
आशीर्वाद.

शेजारी चोर शिरले म्हणून तू पिस्तूल घ्यायचं म्हणून राहिलास, हे सूनबाईकडून कळलं. ग्रीन कार्ड आल्यामुळे आता कायदाही आड येत नाही म्हणे. टेक्सासात परवाना लागत नाही. दुकानात नावाची तपासणी झाली की माणूस पिस्तूल घेऊन घरी. घरात स्वसंरक्षणासाठी ते ठेवणं नागरिकाचा हक्क आहे, असं अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने 2008 साली ठरवलंच आहे. तुझ्या हक्काशी माझं भांडण नाही.

पण तुझ्या बापाची नोकरी कलेक्टर ऑफिसात शस्त्र परवान्यांच्या टेबलावर गेली. काटोल-उमरेडकडचे शेतकरी रानडुकरांपायी ठासणीची बंदूक मागायचे. त्यांची गरज समजायची. ‘जिवाला धोका’ लिहिणारे बहुतेक वेगळेच. धोका कोणाकडून, विचारलं की गडी गप्प. वरातीत कमरेला लावून मिरवायचं, बस. निवडणूक आली की हीच शस्त्रं ठाण्यात जमा व्हायची, आणि तेवढ्या दिवसांत यांच्यापैकी कोणाच्या केसाला धक्का लागल्याचं मला तरी आठवत नाही!

तू मिरवणारा नाहीस. म्हणून साधं विचारतो, ठेवणार कुठे? भरून उशाखाली, की रिकामं तिजोरीत? छकुली स्टूल सरकवून फ्रिजवरचा बिस्किटाचा डबा काढते, हे मी व्हिडिओ कॉलवर पाहिलं आहे. तिजोरीत ठेवलंस तर चोर हॉलमध्ये असताना आधी चष्मा शोधशील, मग आकडे दाबशील, मग गोळ्या भरशील. 1993 साली तिकडच्याच संशोधकांनी अभ्यास केला, तेव्हा बंदूक असलेल्या घरात खुनाचा धोका 2.7 पट निघाला, आणि मारणारे बहुतेक घरचे नाहीतर ओळखीचे. त्या अभ्यासावर टीकाही पुष्कळ झाली, तीही वाच.

आता मनातलं लिहितो. मला चोरापेक्षा तुझ्या रात्रींची काळजी आहे. कंपनीने काढल्यापासून तू पहाटेपर्यंत जागा असतोस, जेवत नाहीस, हेही सूनबाईनेच सांगितलं. तिच्यावर चिडू नको. तिथे बंदुकीने जेवढे लोक जातात, त्यांत निम्म्याहून जास्त आत्महत्या असतात. आपण विदर्भातले; फवारणीचं औषध हाताशी असलं की एका वाईट घटकेत काय होतं, हे तुला मी सांगायला पाहिजे काय? ती घटका टळली की माणूस पुष्कळदा सावरतो. तू तसा नाहीस म्हणशील. नसशीलही. तरी डॉक्टरला दाखव, आणि नोकरी लागेपर्यंत तरी ती वस्तू घरात आणू नको.

दाराला दणकट कुलूप बसव, अलार्म लाव, अंगणात उजेड ठेव. खर्च मी पाठवतो, पेन्शन पडूनच असते. रविवारी सकाळी फोन कर, तुमची शनिवारची रात्र असते. आईसमोर हा विषय काढू नको. मी फोन घेऊन गच्चीवर जाईन.

तुझा,
बाबा