वटवाघळांच्या मुक्कामाची झाडे वाचवा

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

केरळात वटवाघळांतून येणाऱ्या निपाह विषाणूचा रुग्ण सापडला की मुंबईतल्या सोसायट्यांच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर वटवाघळांचे फोटो फिरू लागतात आणि आवारातला पिंपळ छाटून टाका, अशी मागणी सुरू होते. शहरात निदान पालिकेची परवानगी तरी लागते. गावाकडच्या जंगलात कोण बघतो? मी मूळचा सिंधुदुर्गातल्या दोडामार्ग तालुक्यातला, त्यामुळे मला काळजी तिथली आहे.

भीती निराधार नाही. 2018 मध्ये कोझिकोड भागात निपाहने 17 बळी घेतले. पुढे पुण्याच्या राष्ट्रीय विषाणू विज्ञान संस्थेला महाबळेश्वरच्या गुहेतल्या वटवाघळांतही या विषाणूची प्रतिपिंडे (अँटिबॉडीज) आढळली. पण त्यावरचा उपाय म्हणजे वटवाघळांनी उष्टावलेली फळे न खाणे आणि वटवाघळाला, मेलेले असले तरी, हात न लावणे. झाड पाडले की ती पांगतात आणि दुसऱ्या कुणाच्या तरी दारात जाऊन लटकतात.

या प्राण्याकडे आपण नीट पाहिलेलेच नाही. 1948 मध्ये तमिळनाडूतल्या मेघमलाईच्या डोंगरात पकडलेले एक फळखाऊ वटवाघूळ आपल्या मुंबईतच, बॉम्बे नॅचरल हिस्टरी सोसायटीच्या (बीएनएचएस) संग्रहात, साध्या जातीचे म्हणून पडून होते. 1972 मध्ये थायलंडचे शास्त्रज्ञ कित्ती थोंगलोंग्या यांनी ते अभ्यासले, तेव्हा ती नुसती नवी जात नव्हे तर नवी प्रजातीच (जातीच्या वरचा गट, इंग्रजीत 'जीनस') निघाली. तिला सालिम अलींचे नाव मिळाले. त्यानंतर हे वटवाघूळ पुन्हा सापडायला 1993 उजाडले. दक्षिणेकडच्या पश्चिम घाटातली जंगले सोडली तर जगात ते कुठेही नाही. आमच्या घाटापलीकडे, बेळगाव जिल्ह्याच्या खानापूर तालुक्यातल्या बारापेडे गुहेतही अशीच एक दुर्मीळ जात आहे. कित्येक वर्षे ती जगात तेवढ्या एकाच गुहेतून माहीत होती. तिथले भीमगड अभयारण्य झाले ते 2011 मध्ये.

या दोन जातींना वन्यजीव संरक्षण कायद्याने वरचे संरक्षण दिले. बाकीची फळखाऊ वटवाघळे मात्र 2022 च्या दुरुस्तीपर्यंत उंदीर-कावळ्यांच्या पंगतीत, उपद्रवी म्हणून बसवलेली होती. वास्तविक सदाहरित जंगल पुन्हा उभे राहते त्यात त्यांचा मोठा हात असतो. बरेच पक्षी मोकळ्या माळावर जायला बिचकतात. वटवाघूळ रात्री उघड्या जागेवरून उडते आणि उडता उडता उंबराचे बी टाकून जाते. कोकणातल्या बागायतदाराला हे सांगायला नको, वाघळांनी टाकलेल्या काजूच्या बिया त्याने स्वतः वेचलेल्या असतात. (फळ खाल्ले म्हणून शिव्या घालणाराही तोच!) मोठ्या वटवाघळाच्या मादीला वर्षाला एकच पिल्लू होते. त्यामुळे एकदा वसाहत उठली की ती भरून यायला फार काळ लागतो.

आमच्याकडे रबर आणि अननसासाठी डोंगरच्या डोंगर बोडके झाले, त्यात पहिली गेली ती जुनी, उंच झाडे. 2020 मध्ये तिळारी संवर्धन राखीव क्षेत्र झाले, हे चांगलेच. पण सिंधुदुर्गातले बरेचसे जंगल खासगी मालकीचे आहे, राखीव क्षेत्राची रेघ तिथपर्यंत पोहोचत नाही. मालकाला झाड राखण्याचा काही मोबदला मिळाला नाही तर तो तरी किती दिवस राखणार?

मोबदल्याचा निर्णय सरकारला घ्यावा लागेल. तोवर एक काम बिनखर्चात होईल. 2002 च्या जैवविविधता कायद्यामुळे ग्रामपंचायतींत लोकजैवविविधता नोंदवही, म्हणजे गावातल्या झाडाझुडपांची आणि प्राण्यांची नोंद, असते. तिच्यात वटवाघळांच्या मुक्कामाचे प्रत्येक झाड आणि प्रत्येक गुहा जागेसह लिहून घ्यावी, आणि तोडीचा अर्ज आला की वनखात्याने आधी ती वही उघडावी. गणपतीला गावी जाईन तेव्हा आमच्या ग्रामपंचायतीत मी तसा अर्ज देणार आहे. इतर चाकरमान्यांनीही आपापल्या गावी द्यावा, ही विनंती.

आपला,
एक वाचक, परळ, मुंबई