मे सोडा, तूर निघाली की या

तीर्थरूप आई-बाबा,
साष्टांग नमस्कार.

गहू-हरभरा घरी आला की मे महिन्यात रत्नागिरीला यायचं, असं तुमचं चाललंय. मे नको. तूर निघाली की जानेवारीतच या.

आपल्याकडे विदर्भात मे मध्ये पारा 45 वर जातो, इथं 33-34. आकड्यावर जाऊ नका. हवेत आधीच एवढी ओल असते की अंगावरचा घाम वाळत नाही. कुलरही इथं कामाचा नाही. ताट्यांतलं पाणी उडालं तरच हवा गार होते, इथं ते उडतच नाही आणि खोली आणखी दमट होते. जानेवारीत पहाटे 18-20 अंश, शाल पुरते.

बाबा, एवढ्या पावसाच्या मुलखात उन्हाळ्यात टँकर का, हे तुम्ही विचारलं होतं. पाऊस वर्षाला 3,000 मिमीच्या वर, आपल्या जवळपास तिप्पट. पण खाली आपली काळी माती नाही, जांभा आहे: छिद्राछिद्रांचा तांबडा दगड. पाणी झिरपतं, उताराला लागतं आणि थोड्याच अंतरावर समुद्राला मिळतं. ओलीवर हरभरा घ्यायची सोय सड्यावर, म्हणजे या जांभ्याच्या उघड्या माळावर, नाही. हापूसला मात्र हाच निचरा मानवतो. जांभ्यात सुरुंगानं खड्डे फोडून, माती भरून कलमं लावतात. पावसानंतर मुळाशी पाण्याचा ताण बसला की मोहोर येतो. मोहोरात ढगाळ हवा आली की तुडतुडा कीड आणि भुरी रोग ठरलेले. फवारणीचा खर्च ऐकाल तर कपाशी बरी वाटेल.

जानेवारीत तुम्हाला मोहोरच दिसेल, आंबा नाही. पेटी मी एप्रिलअखेर पाठवीन. पेंढ्यातच राहू द्या, कच्ची फळं फ्रीजमध्ये घालू नका. देठाशी वास सुटला की कापा. वरून चांगलं फळ आत पांढरट, स्पंजासारखं निघालं तर तो साका. बाहेरून तो ओळखू येत नाही, तेव्हा पेटीवाल्याला बोल लावू नका.

थिबा पॅलेस सावकाश पाहू. ब्रह्मदेशाच्या राजाला 1885 मध्ये पदच्युत करून इंग्रजांनी इथं आणून ठेवलं. 1916 मध्ये तो इथंच वारला. टिळकांचं जन्मघर आणि 1931 चं पतितपावन मंदिर एका सकाळीत होतात. रत्नदुर्गावर भगवतीचं देऊळ आहे, तीन बाजूंनी समुद्र.

किनाऱ्यावर जायची वेळ मात्र पंचांग पाहून ठरवू. अमावास्या-पौर्णिमेला भरती दुपारी अकरा-बाराच्या सुमारास असते आणि उधाण मोठं. पुढं रोज ती साधारण 50 मिनिटं उशिरा सरकते. अष्टमीला त्या वेळी ओहोटी, तेव्हा भाट्याची वाळू चालायला मोकळी मिळते. गणपतीपुळ्याला पाय भिजवायचे, कंबरेपर्यंत जायचं नाही. खालून ओढ असते. मिरकरवाडा बंदरावर आईला मासळीचा वास सोसायचा नाही. बाबा आणि मी जाऊ.

नागपूर-मडगाव गाडी वर्ध्याला, बडनेऱ्याला थांबते, पण रोज नसते. तारीख आधी कळवा, मी तिकीट काढतो. रत्नागिरी स्टेशन गावाबाहेर आहे, घ्यायला येईन. ज्वारीचं पीठ आणा, इथं भाकरी तांदळाची. पापड-कुरड्या हवाबंद डब्यात घाला, नाहीतर दोन दिवसांत मऊ पडतात.

तुमचा,
बाळू