दोन श्रावणांमधले पंधरा दिवस

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

इंदुरात श्रावण दोनदा लागतो. गुरुपौर्णिमेच्या दुसऱ्या दिवशी शेजाऱ्यांकडे सावन सुरू होतो आणि आपला श्रावण त्यानंतर पंधरा दिवसांनी, दीप अमावास्या उलटल्यावर. हे पत्र त्या मधल्या पंधरा दिवसांबद्दल आहे. रामबागेपासून सुदामानगरपर्यंत कितीतरी मराठी घरांत कुणीतरी दर वर्षी ठरवतो की श्रावणात दारू घ्यायची नाही. हल्ली त्याला ‘वजनही उतरेल’ ही जोड मिळाली आहे. निश्चय चांगलाच आहे. पण गटारीला पोटभर पिऊन घ्यायची आणि दुसऱ्या दिवसापासून एकदम बंद करायची, ही जी रीत पडली आहे ती काहींच्या जिवावर बेतू शकते आणि बाकीच्यांच्या वजनाला तिचा फारसा उपयोग होत नाही. आपल्या श्रावण पुरवणीत व्रतकथा आणि उपासाच्या पाककृती येतात. त्यांच्या शेजारी या माहितीलाही जागा मिळावी, अशी विनंती आहे.

आधी जिवाचे बोलू. जो माणूस वर्षानुवर्षे रोज पव्वा (१८० मिली) किंवा त्याहून जास्त घेतो, ज्याचे हात सकाळी घोटभर घेतल्याशिवाय स्थिर होत नाहीत, ज्याला एखादा दिवस चुकला की घाम फुटतो, मळमळते, झोप लागत नाही, त्याने एकदम बंद करू नये. कारण समजून घेण्यासारखे आहे. दारू मेंदूला सतत दाबून ठेवते. मेंदू मग त्या दाबावर मात करण्यासाठी स्वतःला जास्त चेतवून ठेवायला शिकतो. दाब अचानक निघाला की चेतना तेवढीच उरते आणि शरीर उसळते. शेवटच्या घोटानंतर सहा ते चोवीस तासांत हात थरथरणे, छातीत धडधड आणि उलट्या सुरू होतात. पहिल्या दोन दिवसांत आकडी येऊ शकते, आणि ती आधी कधीही न आलेल्या माणसालाही येते. दुसऱ्या ते चौथ्या दिवसादरम्यान काहींना भ्रम होतो. भिंतीवर किडे दिसतात, घरातली माणसे ओळखू येत नाहीत, ताप चढतो, नाडी पळते. यावर वेळेत उपचार झाले नाहीत तर माणूस दगावतो.

घरात नेमकी इथेच चूक होते. श्रावणाचा तिसरा दिवस असतो, माणूस बरळू लागतो, आणि घरचे समजतात की उपासाने पित्त चढले, बाहेरचे काही लागले, किंवा चोरून प्यायला. म्हणून दिवस मोजून ठेवावेत. दारू बंद झाल्यापासून पाच दिवसांच्या आत असे काही दिसले तर ती दारू तुटल्याची लक्षणे समजून सरळ रुग्णालय गाठावे. आकडी आली तर माणसाला कुशीवर वळवावे, आजूबाजूच्या टोकदार वस्तू बाजूला कराव्यात, तोंडात चमचा, पाणी, काहीही घालू नये, कांदा किंवा चप्पल हुंगवण्यात वेळ घालवू नये, आणि १०८ ला फोन करावा. डॉक्टरांना ‘रोज किती घेत होते आणि शेवटची कधी घेतली’ हे खरे सांगावे. लाजेपोटी हे लपवले जाते आणि उपचार भलत्याच दिशेने जातात.

अशा माणसाने दारू सोडूच नये असे नाही. त्याने ती डॉक्टरांच्या देखरेखीत सोडावी, आणि त्यासाठीच ते पंधरा दिवस आहेत. महाराजा यशवंतराव रुग्णालयाचा मानसोपचार विभाग आहे, बाणगंगेला शासकीय मानसिक रुग्णालय आहे. फोनवर आधी बोलायचे असेल तर व्यसनमुक्तीसाठी १४४४६ आणि टेलिमानस या मानसिक आरोग्याच्या फोनसेवेचा १४४१६ हे क्रमांक आहेत. डॉक्टर साधारण आठवडाभर उतरत्या मात्रेत गोळ्या देतात आणि सोबत थायमिन, म्हणजे बी-१ जीवनसत्त्व देतात, कारण नियमित पिणाऱ्याच्या शरीरात त्याची तूट असते आणि त्यातून मेंदूला कायमची इजा होऊ शकते. डॉक्टरांची भेट होईपर्यंत एकदम शून्यावर येऊ नये. ओळखीच्या औषधवाल्याकडून झोपेच्या गोळ्या आणून घरीच हा प्रयोग करू नये. त्या गोळ्यांवर दारू घेतली गेली तर श्वास मंदावतो.

आणखी एक गोष्ट कळकळीने सांगायची आहे. ‘पिणाऱ्याला न कळू देता दारू सोडवा’ अशा जाहिराती भिंतींवर दिसतात. ती पूड आमटीत किंवा चहात कालवायची असते. पुडीत काय आहे हे विकणाराही सांगत नाही. तीत डायसल्फिराम हे दारू सोडवण्यासाठी दिले जाणारे औषध असेल, किंवा त्याच्या गोळ्याच कुणी चुरून घालत असेल, तर तो माणूस नेहमीप्रमाणे प्यायला की चेहरा लाल होतो, उलट्या होतात, रक्तदाब कोसळतो. हृदयविकार असलेल्याचा त्यात जीव जाऊ शकतो. औषध बंद केल्यावरही हा परिणाम दोन आठवड्यांपर्यंत राहतो. ते औषध चांगलेच आहे, पण ज्याला द्यायचे त्याच्या संमतीने आणि तपासण्या करूनच. ज्या माउल्या हताश होऊन हा मार्ग धरतात त्यांच्यावर राग नाही, पण त्यांनी तो कृपया धरू नये.

आता उरले ते लोक, ज्यांना सकाळी हात थरथरण्याचा त्रास नाही, पण आठवड्यातून तीन-चार संध्याकाळी बसतात, पोट पुढे आले आहे आणि सोनोग्राफीत ‘फॅटी लिव्हर’, म्हणजे यकृतात चरबी, लिहून आले आहे. त्यांनी पंधरा दिवसांतले पहिले चार दिवस काहीही कमी करू नये, फक्त मोजावे. बहुतेकांचा अंदाज इथेच कोसळतो. ‘दोन बोटे’ हे माप घ्या. सहा सेंटिमीटर रुंदीच्या सरळ ग्लासात साडेतीन सेंटिमीटर उंचीपर्यंत ओतले तर ते सुमारे १०० मिली भरते, म्हणजे ३० मिलीच्या तीन छोट्या पेगांहून जास्त. ग्लास सात सेंटिमीटर रुंद असेल तर तीच दोन बोटे १३५ मिलीवर जातात. ३० आणि ६० मिलीचे स्टीलचे माप मिळते, ते आणावे. ते नसेल तर औषधाच्या बाटलीवरचे खुणांचे झाकणही चालते. प्रत्येक ग्लास ओतताना वहीत आकडा लिहावा. दुसऱ्या दिवशी आठवून लिहिलेला आकडा नेहमी कमी निघतो.

मध्य प्रदेशात एप्रिल २०२३ पासून अहाते, म्हणजे दारूच्या दुकानाला लागून बसून पिण्याच्या जागा, बंद झाले. ते योग्यच झाले, पण त्यामुळे बसणे घरी आले आणि घरात ओतणारा हात मोकळा असतो. म्हणून खंबा, म्हणजे ७५० मिलीची मोठी बाटली, घरात ठेवू नये. पव्वा मिलीमागे महाग पडतो, तरी तो संपला की संपतो, हा त्याचा मोठा गुण आहे.

हिशेब असा. आपल्याकडच्या व्हिस्की-रमवर ४२.८ टक्के अल्कोहोल लिहिलेले असते. ३० मिलीच्या छोट्या पेगात सुमारे १० ग्रॅम शुद्ध अल्कोहोल असते, आणि एका ग्रॅमला ७ कॅलरी, म्हणजे पेगाला ७० च्या आसपास. पव्व्याच्या सव्वाचारशे होतात. ‘मी फक्त बिअर घेतो’ म्हणणाऱ्यांनी बाटलीवरची टक्केवारी वाचावी. ८ टक्क्यांच्या स्ट्राँग बिअरची ६५० मिलीची एक बाटली म्हणजे ४१ ग्रॅम अल्कोहोल, चार छोटे पेग. यकृत तासाला साधारण सात ते दहा ग्रॅम अल्कोहोल निकालात काढते. म्हणजे त्या एका बाटलीला चार ते सहा तास लागतात आणि तोवर चरबी जाळण्याचे काम मागे पडते. शरीराला अल्कोहोल साठवता येत नाही, म्हणून ते आधी जाळले जाते आणि सोबत खाल्लेले कोठारात जाते.

सोबत काय खाल्ले जाते, हा इंदुरात मोठाच प्रश्न आहे. दोन मोठे पेग, म्हणजे १२० मिली, यांच्या २८५ कॅलरी. त्यात ३०० मिली कोला मिसळला तर सव्वाशे आणखी. पुढ्यात लौंग सेव असते. ती न मोजता ५० ग्रॅम सहज जाते, तिच्या पावणेतीनशे. जेवायला बसण्याआधीच सातशेजवळ पोहोचलो, म्हणजे सात पोळ्या. आणि मग रात्री अकराला सराफ्याच्या खाऊबाजारात जायची टूम निघते. असा माणूस डॉक्टरांना सांगतो की भात सोडला तरी वजन उतरत नाही. तो खोटे बोलत नसतो, त्याने हे धरलेलेच नसते.

कमी करण्याची आमच्या मते सर्वांत परिणामकारक युक्ती म्हणजे क्रम उलटा करणे. आपल्याकडे आधी पिणे आणि शेवटी जेवण. त्याऐवजी साडेसातला पूर्ण जेवावे, पोळी, भाजी, वरण, कोशिंबीर. भरल्या पोटी अल्कोहोल रक्तात हळू चढते आणि मुख्य म्हणजे दुसऱ्या ग्लासाची ओढ मंदावते. बऱ्याचदा ती संध्याकाळची ओढ म्हणजे तहान आणि भूकच असते. दुपारी दोननंतर काही न खाता सातला घरी आलेला माणूस पहिला पेग पाण्यासारखा पितो. पाचला मूठभर फुटाणे आणि एक पेला ताक, घरी आल्यावर दोन पेले पाणी, एवढ्याने पहिला पेग लांबतो. हातात ग्लास हवा असेल तर सोडा, लिंबू आणि सैंधव घ्यावे. इंदुरी शिकंजी त्या कामाची नाही, ती आटीव दुधाची आणि गोड असते. चखणा हवाच असेल तर काकडी, उकडलेले मूग किंवा ३० ग्रॅम फुटाणे वाटीत काढून घ्यावेत. पुडा समोर ठेवू नये.

वहीत चार दिवसांचे सरासरी १२० मिली आले, तर पाचव्या दिवसापासून ९०, आठवड्याच्या शेवटी ६०, आणि मध्ये सलग दोन कोरडे दिवस, असे अमावास्येपर्यंत यावे. कोरड्या दिवसांचे वाचलेले रविवारी भरून काढू नये. एका बैठकीत सहा-सात पेग गेले तर हृदयाची लय बिघडू शकते. वाटेत कधीही हात थरथरू लागले, झोप उडाली, घाम सुटला तर तुम्ही वर लिहिलेल्या पहिल्या गटातले आहात हे मान्य करून डॉक्टरांकडे जावे. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन घेणाऱ्यांनी तर सुरुवातीलाच डॉक्टरांशी बोलावे. दारू, कोला, शेव एकदम थांबले, वर सोमवारचा उपास आला आणि गोळी तेवढीच राहिली, तर साखर खाली जाते.

श्रावण लागल्यावर वजनाचा काटा पहिल्या आठवड्यात बऱ्याचदा जागचा हलत नाही, कधी अर्धा किलो वर जातो. दारूमुळे लघवीवाटे जास्त पाणी जात होते, ते आता शरीरात राहते. घाबरू नये. काट्याऐवजी टेप घ्यावी. शेवटची बरगडी आणि कमरेचे हाड यांच्या मधोमध, श्वास सोडून मोजावे. पुरुषांना ९० आणि स्त्रियांना ८० सेंटिमीटर ही आपल्याकडची धोक्याची रेघ आहे. दारू सुटली की गोडाची ओढ वाढते, हेही लक्षात ठेवावे. संध्याकाळची जिलेबी आणि उपासाची खिचडी मिळून दारूची जागा पूर्ण भरून काढतात. ७५ ग्रॅम साबुदाणा, मूठभर दाणे आणि चमचाभर तूप, एवढ्यातच एक ताटली ५०० कॅलरींच्या आसपास जाते, त्यावर फरियाली, म्हणजे उपासाचा, चिवडा वेगळा. उपासाला वरी, राजगिरा, ताक आणि फळे बरी.

रोज दोन मोठे पेग घेणाऱ्याने त्यांच्या जागी दुसरे काही आणले नाही, तर महिन्याला साडेआठ हजार कॅलरी वाचतात. कागदावर ते किलोभर चरबीइतके आहे. प्रत्यक्षात उतरते थोडे कमीच, म्हणून महिन्यात पाच किलोची आशा धरू नये. खरा फायदा आत दिसतो. श्रावण पोळ्याला संपतो, पण आपल्याकडे बरेच जण गणपती बोळवेपर्यंत घेत नाहीत. प्रतिपदेपासून अनंत चतुर्दशीपर्यंत सहा आठवड्यांहून थोडे जास्तच भरतात. एवढ्या काळात यकृतातली चरबी, रक्तदाब, ट्रायग्लिसराइड्स (रक्तातली चरबी) आणि गॅमा जीटी (यकृताची एक रक्ततपासणी) यांत मोजता येईल असा उतार पडू शकतो. गुरुपौर्णिमेच्या सुमारास एकदा आणि विसर्जनानंतर पुन्हा एकदा तपासणी करून दोन्ही कागद शेजारी ठेवावेत.

विसर्जनाच्या रात्री काय होते, तेही लिहिले पाहिजे. सहा आठवड्यांत शरीराची सवय उतरलेली असते, हात मात्र जुन्या मापानेच ओततो. पूर्वी चार पेगांत न डगमगणारा माणूस त्या रात्री दोन पेगांतच तोल घालवतो, आणि तो दुचाकीवर असतो. आरोग्याला पूर्ण सुरक्षित अशी दारूची मात्रा नाही, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट सांगितले आहे. त्यामुळे ज्याला पुन्हा सुरूच करायची नाही त्याच्याइतका शहाणा निर्णय दुसरा नाही. ज्याला करायची आहे त्याने ते स्टीलचे माप फेकून देऊ नये. पहिल्या दिवशी ३० मिलीचा एकच पेग, जेवणानंतर, घरी, आणि गाडीची किल्ली दुसऱ्याच्या हातात.

आपले,
आहार आणि व्यसनमुक्ती सल्ल्याचे काम करणारे दोन वाचक,
इंदूर