पत्रादेवीत गोळी झाडायचा हुकूम कोणी दिला?

संपादक महोदय,

उत्तर आयर्लंडमधल्या डेरी शहरात ३० जानेवारी १९७२ रोजी नागरी हक्कांच्या मोर्चावर ब्रिटिश पॅराशूट रेजिमेंटच्या सैनिकांनी गोळ्या झाडल्या. १३ माणसे त्याच दिवशी गेली, चौदावा काही महिन्यांनी. या प्रकरणात खटला भरला गेला तो एकाच सैनिकावर. 'सोल्जर एफ' एवढीच त्याची जाहीर ओळख. बेलफास्टच्या न्यायालयाने २३ ऑक्टोबर २०२५ रोजी त्याला निर्दोष सोडले. ती बातमी वाचल्यापासून गोव्याच्या सीमेवरची पत्रादेवी डोक्यातून जात नाही, म्हणून हे पत्र.

मी पेडणे तालुक्यातला, तोरशाचा. हुतात्मा स्मारक आमच्या जाण्यायेण्याच्या वाटेवरच. १५ ऑगस्ट १९५५ रोजी गोवा मुक्तीसाठी निघालेले, हातात शस्त्र नसलेले सत्याग्रही बांद्याच्या बाजूने पोर्तुगीज हद्दीत शिरले आणि समोरून बंदुका सुटल्या. पंजाबातल्या इसरू गावचे कर्नैलसिंग बेनिपाल तिथे पडले. मध्य प्रदेशातून आलेल्या सहोद्राबाई राय यांच्या हातात तिरंगा होता. त्यांना गोळ्या लागल्या, पण त्या वाचल्या आणि पुढे लोकसभेत निवडून गेल्या. माझी आई तेव्हा तोरशात नवी सून होती. शेतात बेणणी चाललेली. रेजिदोराचा, म्हणजे पोर्तुगीज सरकारच्या गावातल्या अधिकाऱ्याचा, निरोप आला होता, सीमेकडे कोणी फिरकायचे नाही. पावसात आवाज आले तेव्हा बायका चिखलात तशाच खाली बसल्या आणि अंधार पडेपर्यंत कोणी घराबाहेर डोकावले नाही. 'पाखल्यांनी (पोर्तुगीजांनी) माणसां मारली' एवढेच ती सांगायची. कोणत्या पाखल्याने, कोणाच्या सांगण्यावरून, हे तिला कोण सांगणार?

सत्तर वर्षे झाली, तरी सरकारदरबारी यापेक्षा जास्त माहिती नाही. त्या दिवशी गोव्याच्या सगळ्या सीमांवर मिळून किती जण मारले गेले, याचाही एक आकडा नाही. एका पुस्तकात २१, दुसऱ्यात २२, तिसऱ्यात ३०. गव्हर्नर जनरल पावलु बेनार्द गेदिश पणजीत होते, पोर्तुगालचा हुकूमशहा सालाझार लिस्बनमध्ये होता, हे ठाऊक आहे. पण पत्रादेवीच्या चौकीवर त्या सकाळी अंमलदार कोण होता? गोळी झाडायचा हुकूम आधीच लेखी आला होता, की जागेवर तोंडी दिला? माणसे पळत असताना, खाली पडल्यावर गोळ्या चालूच राहिल्या का? मी एका कार्यालयात अर्ज केला. 'असा अभिलेख उपलब्ध नाही' असे एका ओळीचे उत्तर आले.

डेरीच्या लोकांनाही आधी असेच वाटेला लावले होते. पहिली चौकशी करणाऱ्या लॉर्ड विजरी यांनी अवघ्या अकरा आठवड्यांत अहवाल दिला आणि पहिला ठपका ठेवला तो मोर्चा काढणाऱ्यांवर: बेकायदा मोर्चा काढला नसता तर कोणी मेले नसते. पोर्तुगालही सत्याग्रह्यांना घुसखोरच ठरवत होता. डेरीतल्या घरांनी ते मान्य केले नाही. मेलेल्यांचे भाऊबहीण वर्षानुवर्षे त्याच रस्त्यावरून चालत राहिले. १९९८ मध्ये नवी चौकशी जाहीर झाली. लॉर्ड सॅव्हिल यांच्या अहवालाला २०१० उजाडले आणि खर्च १९ कोटी पौंडांच्या वर गेला. पण त्यात प्रत्येक मृताचे वेगळे प्रकरण आहे. तो कुठे उभा होता, गोळी कुठून आली, ती बहुधा कोणत्या सैनिकाची, हे सगळे तपासलेले आहे. गोळी घालावी असा धोका त्यांच्यापैकी कोणाकडूनही नव्हता, असा निष्कर्ष निघाला. पंतप्रधान कॅमेरॉन यांनी संसदेत उभे राहून देशाच्या वतीने माफी मागितली.

त्यानंतरही खटला टिकला नाही, आणि का टिकला नाही हे आपण नीट समजून घ्यायला हवे. मुख्य पुरावा म्हणजे बरोबरच्या दोन सैनिकांचे १९७२ सालचे जबाब. त्यातला एक वारलेला, दुसरा साक्ष द्यायला तयार नाही. त्यांची उलटतपासणीच शक्य नव्हती. पळणाऱ्या निःशस्त्र नागरिकांवर सैनिकांनी गोळ्या झाडल्या, त्यांनी शरमेने मान खाली घालावी, असे न्यायाधीशांनी निकालात म्हटले. तरी तेवढ्या जबाबांवर त्या एका माणसाला दोषी धरता येईना. उशीर झाला की शिक्षा हातची जाते. पत्रादेवीच्या बाबतीत ती कधीच गेली. गोळ्या झाडणारे आता बहुतेक हयातही नसतील. राहिला आहे तो कागद, आणि कागद अजून शोधता येतो. पोर्तुगालच्या राजकीय पोलिसांचे दफ्तर लिस्बनच्या तोर्रे दु तोंबु अभिलेखागारात अभ्यासकांना बघायला मिळते. वसाहतींच्या कारभाराची कागदपत्रेही लिस्बनलाच आहेत.

पोर्तुगाल ऐकणार नाही, असे म्हणणाऱ्यांना मोझांबिकचे उदाहरण देतो. तिथल्या विरियामू गावात पोर्तुगीज सैनिकांनी डिसेंबर १९७२ मध्ये गावकऱ्यांची कत्तल केली. त्याबद्दल सप्टेंबर २०२२ मध्ये पोर्तुगालचे तेव्हाचे पंतप्रधान आंतोनिओ कॉस्ता यांनी मापुतोला जाऊन क्षमा मागितली. हे तेच कॉस्ता, ज्यांचे वडील मूळ मडगावच्या घराण्यातले आणि ज्यांचे २०१७ मध्ये आपण गोव्यात कौतुकाने स्वागत केले. विरियामूसाठी जे शब्द निघाले ते पत्रादेवीसाठी का निघू नयेत? आपण मागितलेच नाहीत, हे माझे दुखणे आहे.

हे मागताना आपले घरही झाकून चालणार नाही. नागालँडमधल्या ओटिंगला डिसेंबर २०२१ मध्ये आपल्याच जवानांच्या गोळ्यांनी कोळसा खाणीतून घरी परतणारे मजूर मेले. पोलिसांच्या विशेष पथकाने ३० जवानांवर आरोपपत्र ठेवले, पण केंद्राने खटल्याला परवानगी दिली नाही. लिस्बनकडे हिशेब मागणाऱ्या देशाला हे शोभत नाही. तिथलाही खटला चालला पाहिजे.

गोवा सरकारकडे माझी मागणी साधी आहे. पोर्तुगीज हस्तलिखिते वाचू शकणारे दोन-तीन अभ्यासक नेमा. त्यांना लिस्बनला पाठवा आणि १५ ऑगस्ट १९५५ चे हुकूम, चौक्यांचे अहवाल, जखमींच्या नोंदी यांच्या प्रती आणवा. महाराष्ट्र, पंजाब, मध्य प्रदेश, जिथून जिथून माणसे आली तिथल्या कुटुंबांकडे काय आहे ते गोळा करा. प्रत्येक हुतात्म्याचे नाव, गाव आणि मृत्यूची हकिकत मराठीत आणि कोकणीत छापा, आणि तो अहवाल हातात घेऊन परराष्ट्र मंत्रालयामार्फत पोर्तुगालकडे जबाबदारीची लेखी कबुली मागा. आमच्या आमदारांनी येत्या अधिवेशनात हा ठराव मांडावा. गावागावांतून सह्या गोळा करून द्यायचे काम मी करीन.

आपला,
एक निवृत्त प्राथमिक शिक्षक
तोरसे, पेडणे