माकडतापाच्या मोसमात, ती. आई-बाबांस

पुणे, १२ जानेवारी २०२५

ती. आई आणि बाबा,
साष्टांग नमस्कार.

मी एमडीला मायक्रोबायॉलॉजी घेतल्याचा विषय फोनवर तीनदा निघाला आणि तीनही वेळा बाबा म्हणाले, "बरं, तू शहाणी आहेस," आणि फोन आईकडे दिला. ते 'बरं' कसलं, मला कळतं. म्हणून पत्र लिहिते आहे. पत्रात मला मधेच कोणी थांबवणार नाही आणि बाबा सावकाश, चष्मा लावून वाचतील.

मायक्रोबायॉलॉजी, म्हणजे रोगजंतूंचा अभ्यास, मी मार्क कमी पडले म्हणून घेतलेलं नाही. मेडिसिनची जागा मला मिळत होती. ही गोष्ट मी तुम्हाला आधी सांगितली नाही, हे चुकलं माझं. तुमच्या मनात पडवीला लागून दवाखान्याची खोली तयार आहे, बाबांनी तिची चिऱ्यांची मापंसुद्धा काढून ठेवली आहेत. ते मोडून कसं सांगायचं, हे मला सुचेना.

२०१७ सालचा मार्च आठवतो का? मी अकरावीत होते. वरच्या वाडीतली काकी काजू जमवायला जायची, तिला ताप भरला. डोकं फुटतं म्हणायची, कंबर धरून बसायची. मग हिरड्यांतून रक्त येऊ लागलं. आधी देवाला कौल लावला, मग मलेरियाच्या गोळ्या झाल्या, मग सलाईन. रक्ताचा नमुना पुण्याला गेला. अहवाल आला तेव्हा काकीचं बारावं होऊन गेलं होतं. बाबा, तो कागद वाचायला तिच्या मुलाने तुम्हाला बोलावलं होतं आणि मी तुमच्या मागे उभी होते. 'क्यासनूर' हा शब्द तुम्हाला वाचता येईना, मलाही येईना.

कर्नाटकात शिमोग्याकडे क्यासनूर नावाचं जंगल आहे. तिथे १९५७ साली हा विषाणू पहिल्यांदा सापडला, म्हणून त्या जंगलाचं नाव रोगाला पडलं. गोचिडीच्या चाव्यातून येणारा आपला माकडताप तो हाच. आपल्या दोडामार्गात तो आढळला २०१६ साली. काकी गेली तेव्हा आपल्याकडे सगळ्यांनाच तो नवा होता, डॉक्टरांनासुद्धा. नेमकं औषध अजूनही नाही. रुग्णाला पाणी-सलाईन, रक्तस्रावावर लक्ष, ताप उतरवणं, एवढंच हातात असतं. जुनी लस होती, तिचा प्रभाव कमी भरला म्हणून ती थांबली. नव्या लसीवर काम चालू आहे. आता सांगा, काकी माझ्या दवाखान्यात आली असती तर मी काय केलं असतं? तेच, जे त्या डॉक्टरांनी केलं. त्यांचा दोष नव्हता. त्यांच्या हातात वेळेवर उत्तर नव्हतं. ते उत्तर जिथे तयार होतं त्या टेबलाशी मला बसायचं आहे.

एमबीबीएसच्या दुसऱ्या वर्षाला असताना आयसीएमआरची, म्हणजे भारतीय वैद्यकीय संशोधन परिषदेची, दोन महिन्यांची विद्यार्थी-संशोधन योजना मला मिळाली होती. तुम्हाला एवढंच माहीत आहे की त्या सुट्टीत मी घरी आले नाही. भातलावणीच्या दिवसांत तापाने दाखल झालेल्यांच्या रक्तात लेप्टोची, म्हणजे उंदरांपासून पसरणाऱ्या तापाची, खूण शोधायची, असं काम होतं. एका प्लास्टिकच्या पट्टीत शहाण्णव खळगे, एकेक करंगळीच्या नखाएवढा. प्रत्येकात एका माणसाच्या रक्तातलं पाणी, अगदी थेंबभर. धुवायचं, पुढचं द्रव घालायचं, थांबायचं, परत धुवायचं. शेवटचं द्रव घातलं की काही खळगे निळे होत जातात, आणि आम्ल पडलं की तो निळा रंग क्षणात हळदीसारखा पिवळा होतो. पहिल्या दिवशी माझ्या पट्टीत अकरा खळगे पिवळे झाले. त्या अकरांत एक बाई होती, वॉर्डात तिला डेंग्यू समजून ठेवलं होतं. मॅडमनी मला फोन हातात दिला आणि म्हणाल्या, "तूच कळव." त्या रात्री मला झोप आली नाही. मी तिला एकदाही पाहिलं नव्हतं, पण तिच्या उपचाराची दिशा माझ्या हातून बदलली होती. माझं ठरलं ते तेव्हा.

बाबा, तुम्ही सावंतवाडी-मुंबई एसटीवर कंडक्टर असताना महाडला गाडी थांबली की विंचवाच्या डॉक्टरांची गोष्ट ऐकून यायचा. डॉ. हिंमतराव बावस्कर. लहानपणी मला ती गोष्ट तुम्हीच सांगितलीत. १९७६ च्या सुमारास ते महाडजवळच्या बिरवाडीच्या आरोग्य केंद्रात आले, तेव्हा लाल विंचू चावलेली पोरं फुप्फुसात पाणी भरून जात होती. ते रात्र-रात्र उशाशी बसले, नाडी, रक्तदाब, घाम, सगळं वेळ घालून लिहीत गेले, आणि १९८२ साली त्यांचं लिखाण 'लॅन्सेट' या लंडनच्या वैद्यकीय नियतकालिकात छापून आलं. पुढे रक्तदाबावरची प्राझोसिन ही गोळी त्यांनी वापरून पाहिली. आधी ज्या विषबाधेत शंभरातले पंचवीस-तीस दगावत, तिथे प्रमाण एका टक्क्याच्या आसपास आलं. तुम्ही म्हणाल, त्यांनी दवाखाना चालवूनच केलं ना? खरं आहे. पण त्यांनी केलेलं जे काम दिल्लीपासून लंडनपर्यंत उपयोगी पडलं, ते त्या टिपणवहीतलं होतं. आणि टिपणाची शिस्त मला कुठून आली? तुमच्या वेबिलावरून. टप्प्याटप्प्याला किती चढले, किती उतरले, पैसे किती, रात्री दोन वाजतासुद्धा आकडा जुळल्याशिवाय तुम्ही झोपत नव्हता.

तीन वर्षं एमडी, त्यानंतर पीएचडी, ती चार-पाच वर्षं तरी घेईल. स्टायपेंड आहे. गहाण पडलेला काजूचा तुकडा मी पुढच्या दोन मोसमांत सोडवून देते, हा माझा शब्द. लग्नाचं मी नाही म्हटलेलं नाही, एवढंच आत्ता लिहिते. आणि शिकून झालं की मला आपल्याच जिल्ह्यात यायचं आहे. नमुना पुण्याला पाठवून वाट बघायची वेळ आपल्या माणसांवर येऊ नये, त्यासाठीच हे सगळं.

आई, तू त्या दिवशी विचारलंस, "काय गो, डॉक्टर होवन गोचडीच बघीत बसतलंस?" हो, बसणार आहे. काल मी सूक्ष्मदर्शकाखाली एक पिल्लू-गोचीड पाहिली. तिळाहून लहान, आठ पाय, आणि तोंडाला उलट्या काट्यांची सोंड, म्हणून ती कातडीतून सहज सुटत नाही. माणसाला बहुतेक वेळा हेच पिल्लू चावतं आणि चावलेलं कळतही नाही. तू कपिलेच्या कानामागून काढतेस त्या मोठ्या. गुरांना हा ताप येत नाही, पण गोचिडी त्यांच्यावर पोसतात आणि गोठ्यात येतात.

आता काजू धरायला लागले असतील, म्हणजे तापाचेही दिवस आले. बागेत जाताना पूर्ण बाह्यांचं घाल, आरोग्य केंद्रातून मिळतं ते तेल हातापायांना लाव, आल्या आल्या कपडे गरम पाण्यात टाक आणि साबणाने अंघोळ कर. कुठे माकड किंवा वानर मेलेलं दिसलं तर जवळ जाऊ नका, त्याच्या अंगावरून गोचिडी आसपास उतरतात. बाबांनी लगेच आरोग्य केंद्रात कळवायचं.

कपिलेच्या गोचिडी नखाने चिरडू नकोस. हातमोजे आणि चिमटा पार्सलमध्ये पाठवते आहे, बरोबर स्पिरिट घातलेल्या सहा छोट्या बाटल्या. अलगद काढून त्यात टाक. माझ्या अभ्यासाला, त्यांची जात ओळखायला हव्या आहेत. बाबांनी प्रत्येक बाटलीवर चिठ्ठी चिकटवायची: तारीख, गाय कोणती, त्या दिवशी कुठे चरली. अक्षर वेबिलासारखं बारीक आणि शाई न पुसणारी. होळीला येईन तेव्हा घेऊन जाईन.

तुमची,
बाय