झेरॉक्सवाल्या काकांना, थोडं उशिराच

काका, नमस्कार.

माझं नाव तुम्हाला आठवणार नाही. तुमच्या लेखी मी 'मानेवाड्याची ड्रॉपवाली', म्हणजे नीट ही मेडिकलची प्रवेश परीक्षा पुन्हा द्यायला वर्षभर थांबलेली. नागपुरात मेडिकल चौकातून हनुमाननगरकडे येताना तुमचं दुकान लागतं. तिथल्या कूलरसमोरच्या स्टुलावर मी दोन उन्हाळे आणि एक अख्खा पावसाळा काढला, आणि निघताना नीट आभारही मानले नाहीत. पेढ्यांचा डबा दिला होता, पण तेव्हा दुकानात गर्दी होती आणि तुम्ही कुणाचा तरी आधार लॅमिनेट करत होता.

४ जून २०२४ ला लोकसभेची मतमोजणी होती. नीटचा निकाल १४ तारखेला म्हणून सांगितलेला, तो त्याच संध्याकाळी लावून टाकला. बाहेर बाबा टीव्हीवर आघाडी-पिछाडी बघत होते आणि मी आतल्या खोलीत मोबाइलवर ५६८ हा आकडा. बारावीसोबत दिली तेव्हा ४३१ होते. वर्षभर घरी बसून १३७ मार्क वाढवले आणि रँक मात्र लाखाच्या पलीकडे. त्या दिवशीच्या यादीत ७२० पैकी ७२० वालेच ६७ होते, तिथे माझं काय! सरकारी कॉलेज लांबच राहिलं. खासगीसाठी बाबा हिंगण्याचा प्लॉट काढायची भाषा करू लागले. आई गप्प.

दोन दिवसांनी मी तुमच्याकडे आले ती एका क्लासचा फॉर्म प्रिंट करायला. १० तारखेच्या आत फी भरली तर रिपीटर बॅचला २० टक्के सूट होती. तुम्ही फॉर्म वाचला, चष्मा कपाळावर सरकवला आणि विचारलंत, "नीटचा फॉर्म कधी निघते?"

"फेब्रुवारीत."

"आता जून आहे. मग ही घाई परीक्षेची होय का क्लासवाल्याची?"

मी काहीतरी पुटपुटले. तुम्ही म्हणालात, "फी तर आज भरून राहिली तू. यंदा वेगळं का करशीन, ते सांग."

मला सांगता येईना. जास्त मेहनत करीन, असं म्हणाले असते, पण आधीच्या वर्षीही मी दिवसाला बारा तास बसत होते. मग तुम्ही प्रिंटर बिघडल्याचं सांगितलंत. माझ्यासमोर त्याच प्रिंटरमधून कुणाचा तरी सातबारा बाहेर येत होता, काका.

घरी येऊन मी तुमच्यावर चिडले होते. एखाद्या शिक्षकाने विचारलं असतं तर मानही खाली घातली असती, पण झेरॉक्सवाल्याने विचारावं? पण सूट संपली, १० तारीख गेली आणि काही आभाळ कोसळलं नाही. १५ ला मी परत आले तेव्हा तुम्ही माझी ओएमआर शीट, म्हणजे गोल काळे केलेली उत्तरपत्रिका, आणि प्रश्नपत्रिका छापून दिलीत आणि म्हणालात, चुकलेल्या प्रत्येक प्रश्नापुढे 'का चुकला' ते लिही. एवढंच.

लिहिलं. २८ चुकीचे होते. त्यातले नऊ खरोखर येत नव्हते, पाच घाईत उलटे वाचले होते. उरलेले १४ मी शेवटच्या वीस मिनिटांत ठोकलेले तुक्के होते, जवळजवळ सगळे फिजिक्समधले. चुकीच्या उत्तराला एक मार्क कापतात, म्हणजे रिकामे ठेवले असते तरी १४ मार्क वाचले असते. तुक्का बरोबर आला तर चार मिळतात हे खरं, पण माझे आले नव्हते. वर्षभर मी बायोलॉजीच्या एनसीईआरटीची पानं पाठ करत बसले होते, कारण ते येत होतं आणि येणाऱ्या गोष्टीचा अभ्यास करताना बरं वाटतं.

पुढे जुलैत सर्वोच्च न्यायालयात अणूवरच्या त्या एका प्रश्नाचं प्रकरण गेलं, दोनऐवजी एकच उत्तर बरोबर ठरलं आणि सुधारित निकालात माझे पाच मार्क गेले. ५६३. चुकीचे २९. मी रडत आले तर तुम्ही म्हणालात, "एक ओळ वाढव यादीत." तेव्हा राग आला होता. आता हसू येतं.

बाबा तुमच्याशी भांडायला आले होते, हे मला फार नंतर कळलं. पोरीचं वर्ष वाया घालवता म्हणून. तुम्ही त्यांना चहा पाजलात आणि उत्पन्नाच्या दाखल्याची कागदपत्रं मागितलीत. फॉर्म भरायचा की नाही ते मग बघू, नॉन-क्रिमीलेयर आधी काढून ठेवा, ऐन प्रवेशात पोट्टे त्याच्यासाठीच तहसीलच्या चकरा मारतात, हे तुमचं वाक्य बाबा अजून सगळ्या नातेवाइकांना ऐकवतात. स्वतःचं असल्यासारखं.

तुमच्याच सांगण्यावरून मी बी.एस्सी.ला प्रवेश घेतला. तिथे मला पहिल्यांदा वर्गात हात वर करता आला. फिजिक्सच्या प्रॅक्टिकलला बाजूला उभी राहणारी मुलगी मला गणितं समजावून सांगायची आणि मी तिला वनस्पतीशास्त्र. अभ्यास दिवसाला पाच तासच व्हायचा, पण त्यातले तीन फिजिक्सचे. नीटला आता वयाची वरची मर्यादा नाही, किती वेळा द्यायची त्याचीही नाही. तुम्ही म्हणायचे, त्याच्यानेच पोट्टे फसतात, कोणी थांब म्हणतच नाही. माझ्या एका मैत्रिणीने त्या ऑगस्टमध्ये तिसरा ड्रॉप घेतला आणि दुसरीने बी.ए.एम.एस. घेतलं. दुसरी आज माझ्यापेक्षा पुढच्या वर्षात आहे आणि मजेत आहे. तिलाही तुम्हीच कॉलेजांचा पसंतीक्रम भरून दिला होता. म्हणजे तुम्ही सगळ्यांना थांबाच म्हणत नव्हता.

जानेवारीत नवीन पद्धत जाहीर झाली. २०० पैकी १८० सोडवायची मुभा गेली, सगळे १८० प्रश्न सक्तीचे आणि वेळ २०० मिनिटांऐवजी १८०. मला घाम फुटला. तुम्ही फक्त एवढंच विचारलंत की घरी वेळ लावून किती पेपर सोडवले. अकरा सोडवले होते आणि शेवटच्या चारांत तुक्के दोन-तीनच होते. त्या दिवशी तुम्ही मला "भर" किंवा "नको भरू" म्हणाला नाहीत. मीच म्हणाले, भरू या. तुम्ही लगेच फोटो स्कॅन केलात. प्रिंटर तेव्हा चालू होता.

४ मे २०२५ चा पेपर आठवला की अजून पोटात गोळा येतो. फिजिक्सने सगळ्यांनाच रडवलं. मी १९ प्रश्न कोरे सोडले, हात शिवशिवत होते तरी. निकाल ५१९. मागच्या वर्षीपेक्षा ४४ कमी! मी तुमच्या दुकानात येऊन मोबाइल टेबलावर आपटला होता, आठवतं? तुम्ही मार्काकडे बघितलंही नाही, रँकवर बोट ठेवलंत. देशात पहिल्या आलेल्या मुलालाच ६८६ होते हे मला तेव्हा माहीत नव्हतं. "मार्क घेऊन का करतं, रँक पाय ना बाप्पा," असं म्हणून तुम्ही पुढच्या गिऱ्हाइकाकडे वळलात.

आता मी गोंदियाच्या सरकारी मेडिकल कॉलेजात आहे. नागपूरचं 'मेडिकल' नाही मिळालं, त्याचं थोडं वाईट वाटतं, खोटं कशाला बोलू. हॉस्टेलला डास आहेत आणि ॲनाटॉमीच्या हॉलमधला फॉर्मलिनचा वास केसांतून जात नाही.

तुमचे माझ्याकडे ८५ रुपये बाकी आहेत. शेवटच्या दिवशी कॅपच्या, म्हणजे कॉलेज प्रवेशफेरीच्या, फॉर्मच्या प्रिंट काढल्या, तेव्हा सुटे नव्हते. दिवाळीला घरी आले की देते. बाबा आधीच देऊन आले असतील तर परत करू नका, धाकट्या भावाचा बारावीचा फॉर्म यंदा आहेच.

तुमची,
मानेवाड्याची ड्रॉपवाली